उत्तरेच्या धुक्यातून कोकणच्या किनाऱ्याकडे : निवांत कौटुंबिक सहलीचे नियोजन

सहल म्हणजे केवळ स्थलांतर नव्हे. वर्षभर घड्याळाच्या काट्यावर धावणाऱ्या कुटुंबाने काही दिवस एकमेकांच्या सहवासात, घाईगर्दीविना घालवावेत, हा तिचा खरा हेतू असतो. प्रत्यक्षात मात्र अनेक कुटुंबे सहलीहून परततात ती थकून आणि खिसा अपेक्षेपेक्षा अधिक हलका करून. सात दिवसांत दहा ठिकाणे पाहण्याचा हव्यास, चुकीचा हंगाम, उशिरा काढलेली तिकिटे आणि पैशाची अपुरी तरतूद ही त्याची नेहमीची कारणे होत. थोडा पूर्वविचार केल्यास यांपैकी प्रत्येक कारण टाळता येते.

दिल्लीच्या दक्षिणेस वसलेल्या फरीदाबाद या औद्योगिक नगरीत आणि राजधानीच्या परिसरात नोकरी-व्यवसायानिमित्त अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यांच्या मुलांचे शिक्षण हिंदी-इंग्रजी वातावरणात होते. समुद्र त्यांनी चित्रपटात पाहिलेला असतो आणि मराठी फक्त घरात ऐकलेली असते. अशा कुटुंबासाठी कोकण किनाऱ्यावरील आठ-दहा दिवसांचा मुक्काम ही चैनीची बाब राहत नाही. आजी-आजोबांच्या आठवणीतील मुलूख नातवंडांना डोळ्यांनी पाहता येतो, रस्त्यावर, बाजारात, होडीत सर्वत्र मराठी बोलली जाते, हे त्यांना कळते. आजी-आजोबांची प्रकृती साथ देत आहे आणि मुलांना अजून घरच्यांबरोबर फिरण्यात आनंद वाटतो आहे, अशी वर्षे कोणत्याही कुटुंबाच्या वाट्याला मोजकीच येतात. म्हणून ही सहल लांबणीवर टाकण्यापेक्षा नीट आखणे श्रेयस्कर. आजी-आजोबा, आई-वडील आणि दोन मुले अशा सहा जणांचे एक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून या नियोजनाचा क्रमवार अभ्यास येथे केला आहे.

पहिली पायरी : हंगामाची निवड

हरियाणातील शाळांना साधारणपणे १ ते ३० जून अशी उन्हाळी आणि १ ते १५ जानेवारी अशी हिवाळी सुट्टी असते. खासगी शाळांच्या तारखांत थोडाफार फरक पडतो, म्हणून शाळेची दिनदर्शिका प्रथम पाहावी. मोठी सुट्टी जूनमधील असल्याने साहजिकच बहुतेकांचा कल तिकडे झुकतो. फरीदाबादमध्ये तेव्हा उन्हाचा कहर असतो आणि समुद्राची ओढ वाटणे स्वाभाविक असते. परंतु कोकणासाठी हीच निवड सर्वांत गैरसोयीची ठरते.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी पाऊस कोकणात दाखल होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. समुद्र खवळलेला असल्यामुळे मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलपर्यटन बंद ठेवले जाते. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर होड्या जात नाहीत. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते, त्यामुळे ताज्या मासळीची आशाही फोल ठरते. कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकानुसार कमी वेगाने धावतात. पावसातील हिरवे कोकण अप्रतिम दिसते यात शंका नाही. पण लहान मुले आणि वृद्ध यांना घेऊन किनाऱ्यावर निवांत दिवस काढण्याचा तो काळ नव्हे.

मे महिना हापूस आंब्याचा असतो. तथापि त्या वेळी हरियाणात शाळा चालू असतात आणि मुंबई-पुण्याकडील पर्यटक व चाकरमानी यांची कोकणात दाटी असते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हवा उत्तम असली तरी नाताळ आणि नववर्षाच्या गर्दीमुळे निवासाचे दर चढतात.

उरतो तो जानेवारीचा पहिला पंधरवडा. महाराष्ट्रातील शाळा तेव्हा सुरू झालेल्या असतात, नववर्षाची गर्दी ओसरलेली असते आणि हरियाणातील मुले मात्र मोकळी असतात. एरवी उत्तरेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सुट्ट्या महाराष्ट्राशी जुळत नाहीत ही तक्रार असते. येथे तोच फरक लाभाचा ठरतो. फरीदाबादेत कडाक्याची थंडी, धुके आणि दूषित हवा यांनी वृद्धांना घराबाहेर पडणे कठीण झालेले असताना कोकणात दिवसा स्वच्छ ऊन, सायंकाळी सुखद वारा आणि शांत समुद्र असतो. शिवाय हा दशावतारी नाटकांचा आणि गावोगावच्या जत्रांचा काळ असतो.

या काळाची एकच अडचण आहे, ती म्हणजे उत्तर भारतातील धुके. गाड्या आणि विमाने दोन्ही त्यामुळे तासन् तास विलंबाने धावू शकतात. म्हणून पोहोचण्याच्या दिवशी कोणताही कार्यक्रम ठेवू नये आणि परतल्यानंतर शाळा-कार्यालय सुरू होण्यापूर्वी किमान दोन दिवस मोकळे राखावेत.

दुसरी पायरी : ठिकाणे कमी, मुक्काम अधिक

निवांत सहलीचा मूलमंत्र असा की, सामान जितक्या कमी वेळा बांधावे लागेल तितकी सहल सुखाची. प्रत्येक मुक्काम-बदलात अर्धा दिवस खर्ची पडतो. कोकणची किनारपट्टी नकाशावर सरळ दिसत असली तरी खाड्या, घाट आणि वळणे यांमुळे पन्नास किलोमीटरला दीड-दोन तास सहज लागतात. म्हणून संपूर्ण सहलीसाठी दोनच तळ निवडावेत: रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण-तारकर्ली.

३ जानेवारीस निघणाऱ्या कुटुंबासाठी आराखडा पुढीलप्रमाणे आखता येईल.

३ व ४ जानेवारी : रेल्वे प्रवास, ४ तारखेस रत्नागिरी व तेथून गणपतीपुळे.
४, ५ व ६ जानेवारी : गणपतीपुळे येथे तीन रात्री.
७ जानेवारी : रत्नागिरी ते कुडाळ कोकण रेल्वेने, पुढे मालवण.
७ ते १० जानेवारी : मालवण-तारकर्ली येथे चार रात्री.
११ जानेवारी : परतीचा प्रवास, १२ किंवा १३ तारखेस घरी.
१४ जानेवारी : मकर संक्रांत स्वतःच्या घरी. १६ तारखेस शाळा.

या आराखड्यात दर दिवशी एकच ठरावीक कार्यक्रम ठेवावा, तोही सकाळी अथवा सायंकाळी. दुपार जेवण, वामकुक्षी आणि पत्त्यांच्या डावासाठी राखून ठेवावी. एखादा संपूर्ण दिवस काहीही न ठरवता सोडावा. मुलांना वाळूत खेळण्याचा आणि वडीलधाऱ्यांना नुसते बसून समुद्र पाहण्याचा कंटाळा येत नाही. कंटाळा येतो तो मोटारीत बसून राहण्याचा.

तिसरी पायरी : जाण्या-येण्याची सोय

हजरत निजामुद्दीन स्थानकावरून सुटणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भोपाळ, मनमाड, नाशिक, पनवेल या मार्गाने रत्नागिरीस पोहोचते. निजामुद्दीनहून तिरुवनंतपुरमकडे जाणारी राजधानी एक्स्प्रेस कोटा, वडोदरा, वसई या मार्गाने रत्नागिरीस जाते. ती जलद आहे, पण आठवड्यातील ठरावीक दिवशीच धावते. गोवा एक्स्प्रेस नावामुळे सोयीची वाटते. परंतु ती पुणे, मिरज, लोंढा या मार्गाने जात असल्याने कोकण किनाऱ्याला स्पर्श करीत नाही, हे लक्षात ठेवावे.

रेल्वेची आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. त्यात प्रवासाचा दिवस धरला जात नाही. म्हणजे ३ जानेवारीच्या प्रवासाचे आरक्षण ४ नोव्हेंबरला आणि ११ जानेवारीच्या परतीचे १२ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता उघडते. या दोन तारखा दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवाव्यात. जाण्याचे तिकीट काढून परतीचे विसरणे ही नेहमीची चूक असते. आयआरसीटीसीचे खाते आधारशी प्रमाणित करून ठेवावे. आरक्षण उघडताच तिकीट काढण्यासाठी २०२५ पासून ते आवश्यक झाले आहे. पुरुषांना वयाच्या ६० व्या आणि स्त्रियांना ४५ व्या वर्षापासून खालच्या शायिकेसाठी प्राधान्य मिळते, म्हणून प्रत्येकाचे वय अचूक नोंदवावे. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये बंद करण्यात आली; जुन्या आठवणीवर अवलंबून अंदाजपत्रक करू नये. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र शायिका घेतल्यास पूर्ण भाडे पडते. तिकीट काढताना मिळणारा ऐच्छिक प्रवास विमा नाममात्र हप्त्यात असतो. तो अवश्य घ्यावा व त्यात वारसाचे नाव नोंदवावे.

फरीदाबादहून निजामुद्दीन गाठण्यासाठी मेट्रोच्या व्हायोलेट मार्गाने लाजपतनगर आणि तेथून पिंक मार्गाने सराय काले खाँ-निजामुद्दीन असे जाता येते. मात्र पहाटेच्या गाडीसाठी मेट्रोवर विसंबून राहता येत नाही. धुक्याचा विचार करून टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवावी आणि नेहमीपेक्षा तासभर आधी निघावे.

दीड दिवसाचा रेल्वे प्रवास ज्यांना झेपणारा नाही, त्यांच्यासाठी गोव्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सोयीचा आहे. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ सिंधुदुर्गच्या सीमेलगत असून दिल्लीहून तेथे थेट विमाने जातात. आजी-आजोबांनी एका बाजूने विमानाने आणि सर्वांनी दुसऱ्या बाजूने रेल्वेने, असा मध्यममार्गही काढता येतो. परंतु मुलांनी किमान एकदा तरी कोकण रेल्वेने प्रवास करावा. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर सुरू झालेली ही रेल्वे म्हणजे अभियांत्रिकीचा एक चालता-बोलता धडाच आहे. रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडेचा बोगदा लागतो, तर रत्नागिरी सोडून कुडाळकडे जाताना ६४ मीटर उंचीच्या पानवल पुलावरून गाडी जाते. मुलांना खिडकीपाशी बसवून हे आधीच सांगून ठेवावे.

चौथी पायरी : निवास आणि भोजन

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पर्यटक निवासे गणपतीपुळे आणि तारकर्ली या दोन्ही ठिकाणी समुद्रालगत आहेत. त्याखेरीज महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेखाली नोंदणी झालेली घरगुती निवासस्थाने किनाऱ्यावरील अनेक गावांत मिळतात. तीन पिढ्यांच्या कुटुंबासाठी अशी घरगुती सोय अधिक आपुलकीची ठरते. अंगण, तुळशीवृंदावन, माडाची सावली आणि यजमानीणबाईंच्या हातचे जेवण यांची सर हॉटेलला येत नाही. खोली ठरविताना चार प्रश्न आवर्जून विचारावेत : खोली तळमजल्यावर आहे काय, कमोडची सोय आहे काय, वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था कोणती आणि समुद्रापर्यंत चालत किती वेळ लागतो. पहिले दोन प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण गुडघेदुखी असलेल्या आजींची सहल त्यांवरच अवलंबून असते.

जेवणाच्या बाबतीत कोकण उदार आहे. सकाळी घावणे किंवा आंबोळ्या, दुपारी बांगडा, सुरमई अथवा तिसऱ्या, सोबत सोलकढी. शाकाहारी मंडळींसाठी काळ्या वाटाण्याची आमटी, उकडीचे मोदक आणि खापरोळ्या. जेवण किती जणांचे, सामिष की निरामिष, हे आदल्या दिवशी कळविण्याची तेथील पद्धत आहे. ती पाळल्यास ताजे अन्न मिळते आणि वाया काहीच जात नाही. उत्तरेकडील तिखटाची सवय असलेल्या मुलांनाही मालवणी मसाला पहिल्या दिवशी जपूनच द्यावा.

पाचवी पायरी : पाहावे काय?

गणपतीपुळ्यात समुद्रासमोरील गणेशमंदिर आणि टेकडीची प्रदक्षिणा हा एका सकाळचा कार्यक्रम होतो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मालगुंड या गावी जावे. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत यांचे हे जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने तेथे त्यांचे स्मारक उभारले आहे. घरात मराठी ऐकणाऱ्या, पण शाळेत न शिकणाऱ्या मुलांना कवीचे घर दाखविणे हा भाषेचा उत्तम पाठ ठरतो. आरे-वारे मार्गाने रत्नागिरीस जाताना डोंगरउतारावरून दिसणारा समुद्र विसरता येत नाही. रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि थिबा राजवाडा ही दोन ठिकाणे पुरेशी आहेत. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि मायदेश पुन्हा न पाहताच १९१६ मध्ये तो येथे मरण पावला. इतिहासातील हे एकच उदाहरण मुलांच्या मनात अनेक प्रश्न जागे करील.

मालवणच्या मुक्कामातील मुख्य आकर्षण सिंधुदुर्ग किल्ला. शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या जलदुर्गाची पायाभरणी केली. सुमारे ४८ एकरांवर पसरलेल्या या किल्ल्याचे महाद्वार तटबंदीच्या वळणात असे दडविले आहे की, बाहेरून ते चटकन दिसत नाही. आत राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वर मंदिर आहे. चोहोबाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी लागते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. सिंधुदुर्ग त्यांपैकी एक आहे. सकाळी ऊन चढण्यापूर्वी किल्ला पाहावा. ज्यांना होडीत चढणे-उतरणे अवघड आहे, त्यांना धक्क्याजवळील सावलीत बसवून किल्ला दुरून दाखविण्यात कमीपणा मानू नये.

तारकर्लीच्या पुढे देवबाग येथे कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूस शांत खाडी आणि दुसऱ्या बाजूस सागर अशी ही चिंचोळी भूमी सायंकाळी अत्यंत रमणीय दिसते. एक दिवस कुडाळजवळच्या पिंगुळी गावासाठी द्यावा. ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला तेथे पाहता येते. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला. वेळ आणि उत्साह असल्यास सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा पाहून यावे. वाचनाची आवड असलेल्या कुटुंबाने शिरोडे गावही मनात ठेवावे. वि. स. खांडेकरांनी तेथील शाळेत १९२० पासून अनेक वर्षे अध्यापन केले आणि १९३० मध्ये तेथे मिठाचा सत्याग्रह झाला. एखाद्या रात्री जवळच्या गावी दशावतारी नाटक असल्यास मुलांना जागे ठेवण्याची परवानगी द्यावी.

सहावी पायरी : समुद्राशी सावधगिरीने

उत्तरेकडील मुलांना समुद्राची ओळख नसते, म्हणूनच त्यांना भीतीही वाटत नाही. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला सुंदर असला तरी पोहण्यासाठी धोकादायक म्हणून ओळखला जातो. तेथे पाय भिजविण्यापुरतेच पाण्यात जावे. स्थानिक लोक ‘नको’ म्हणाले की तो अखेरचा शब्द समजावा. मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांना प्राण गमवावे लागले. होडीत बसताना प्रत्येकाने, लहान मुलांनी तर त्यांच्या मापाचेच, जीवरक्षक जाकीट घालावे. होडीत ठरलेल्यापेक्षा अधिक माणसे घेतली जात असतील तर पैशाचा विचार न करता उतरून पुढच्या होडीने जावे.

भरती-ओहोटीचा अंदाज घेण्याची एक जुनी रीत कोकणात सर्वांना ठाऊक आहे. चालू तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी येते आणि भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असल्याने पाणी अधिक चढते. मुलांना हा हिशेब रोज सकाळी करायला सांगून सायंकाळी तो पडताळून पाहावा. गणित, पंचांग आणि निसर्ग यांचा असा मेळ पुस्तकात सापडणे कठीण. मात्र पाण्यात उतरण्याचा निर्णय या ढोबळ हिशेबावर न घेता स्थानिक माणसाला विचारूनच घ्यावा.

औषधांच्या चिठ्ठ्यांसह दहा दिवसांऐवजी पंधरा दिवसांची औषधे बरोबर ठेवावीत. सिंधुदुर्गचे जिल्हा रुग्णालय ओरोस येथे आहे, याची नोंद असावी. आरोग्य विम्याचे कार्ड प्रत्येक प्रौढाच्या जवळ असावे.

सातवी पायरी : पैशाची तरतूद

वर उल्लेखिलेल्या सहा जणांच्या सात रात्रींच्या मुक्कामासाठी एक नमुना अंदाजपत्रक पुढे दिले आहे. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या आवडीनुसार व त्या वेळच्या दरांनुसार ते बदलावेत.

रेल्वे प्रवास, जाऊन-येऊन : ३०,००० रुपये
स्थानिक वाहन : २०,००० रुपये
निवास, दोन खोल्या सात रात्री : २८,००० रुपये
भोजन : २४,००० रुपये
होड्या, प्रवेशशुल्क, खरेदी : ८,००० रुपये
राखीव : १०,००० रुपये
एकूण : १,२०,००० रुपये

ही रक्कम दोन मार्गांनी उभी राहू शकते. जानेवारीपासून दरमहा १०,००० रुपयांची बारा महिन्यांची आवर्ती ठेव उघडली आणि व्याजदर साडेसहा टक्के धरला, तर वर्षाअखेर मुद्दलावर सव्वाचार हजार रुपयांच्या आसपास व्याज मिळेल. तीच रक्कम सहलीच्या वेळी वैयक्तिक कर्ज म्हणून १२ टक्के दराने वर्षभरासाठी घेतली, तर दरमहा सुमारे १०,६६० रुपयांचा हप्ता पडेल आणि व्याजापोटी जवळपास ७,९०० रुपये द्यावे लागतील. दोन्ही मार्गांत दरमहा खिशातून जाणारी रक्कम जवळजवळ सारखीच. फरक पडतो तो बारा हजार रुपयांचा. सहलीपूर्वी बचत केली तर व्याज मिळते, सहलीनंतर फेड केली तर व्याज द्यावे लागते. बारा हजारांत याच कुटुंबाच्या तीन रात्रींचा निवास सहज होतो. ठेव आजोबांच्या नावे ठेवल्यास ज्येष्ठ नागरिकांना मिळणारा जादा व्याजदरही पदरात पडतो. आरक्षण आणि निवासाची आगाऊ रक्कम नोव्हेंबरमध्येच भरावी लागते, याचा विचार करून ठेवीची मुदत त्याआधी संपेल अशा बेताने ती सुरू करणे अधिक सोयीचे.

नोकरदारांनी रजा प्रवास सवलतीचा विचार अवश्य करावा. चार कॅलेंडर वर्षांच्या एका गटात दोन प्रवासांच्या भाड्यावर प्राप्तिकरातून सूट मिळू शकते. २०२२ ते २०२५ नंतरचा गट २०२६ ते २०२९ असा आहे. ही सूट केवळ भारतातील प्रवासभाड्यापुरती आहे. निवास व भोजनखर्च तीत येत नाहीत. तसेच जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच ती लागू होते. तिकिटे, बोर्डिंग पास आणि पावत्या एका पाकिटात जपून ठेवाव्यात.

आठवी पायरी : व्यवहारातील दक्षता

पर्यटकांची फसवणूक करण्यासाठी नामांकित निवासांच्या नावाने बनावट संकेतस्थळे तयार केली जातात. आगाऊ रक्कम पाठविण्यापूर्वी दूरध्वनी करून खातरजमा करावी. पैसे भरताना पडद्यावर दिसणारे नाव आणि निवासाचे नाव जुळते की नाही, हे पाहावे. ‘परतावा देतो, फक्त पिन टाका’ असे कोणी म्हटल्यास तो संवाद तेथेच थांबवावा. यूपीआयद्वारे पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर तात्काळ बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, ग्राहकाची वा बँकेची चूक नसलेल्या अनधिकृत व्यवहाराची माहिती मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकावर दायित्व येत नाही. सुट्टीच्या आनंदात बँकेचे संदेश न वाचणे म्हणूनच महागात पडू शकते.

किनाऱ्यावरील गावांत मोबाईलचे जाळे सर्वत्र सारखे मिळत नाही. दोन दिवसांच्या खर्चापुरती रोकड, तीही सुट्ट्या नोटांत, दोघा प्रौढांनी विभागून ठेवावी. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे असावीत आणि त्यांवरील दैनंदिन मर्यादा गरजेपुरतीच ठेवावी. निघण्यापूर्वी वीजदेयक, कर्जाचा हप्ता व विम्याचा हप्ता यांसाठी खात्यात पुरेशी शिल्लक आहे याची खात्री करावी. दागिने लॉकरमध्ये ठेवून निघावे. समुद्रकिनाऱ्यावर त्यांचे कामच नसते.

सारांश

संपूर्ण नियोजन पाच प्रश्नांत सामावता येईल.

१. निवडलेला काळ मुलांच्या सुट्टीबरोबरच समुद्राच्या हंगामाशीही जुळतो काय?
२. मुक्कामाची ठिकाणे दोनांपेक्षा अधिक होत नाहीत ना?
३. परतीच्या आरक्षणाची तारीख दिनदर्शिकेवर लिहिली आहे काय?
४. कुटुंबातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान व्यक्तीला हा कार्यक्रम झेपेल काय?
५. खर्चाची रक्कम निघण्यापूर्वी जमा झालेली असेल, की परतल्यावर फेडावी लागेल?

या पाचही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली की उरलेले काम कोकण करते. भरतीची वेळ ओळखणारी नातवंडे, सोलकढीची चव पुन्हा चाखलेले आजोबा आणि आठ दिवस कार्यालयाचा विषय न काढलेले आई-वडील असे कुटुंब संक्रांतीला फरीदाबादच्या थंडीत परतेल, तेव्हा तिळगुळाबरोबर शेजाऱ्यांना देण्यासाठी त्याच्याजवळ मालवणचा खाजाही असेल आणि सांगण्यासारखे पुष्कळ काही असेल. फेडायचे कर्ज मात्र नसेल.